गिरगाव : ग्रंथांतले आणि गाण्यांतले
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



विषय मीच सुचविला. तो ऐकून आपल्या चिटणीसांनी विचारले, "अहो काका, गंगाकाठच्या आपल्या मंडळात गिरगाव कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी भाषणाच्या अखेरीस देईन. तोवर आपण धीर धरावा, ही विनंती.

प्रथम एक कबुली देतो. मी गिरगावचा नव्हे. माझे वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले आणि माझा जन्म याच शहरात झाला. आमच्या घरी 'सत्यकथा' मासिक टपालाने येत असे. वडील अंक उघडण्यापूर्वी वेष्टन जपून सोडवीत, आणि अंकावर छापलेला पत्ता मी अक्षरे लावून वाचीत असे : खटाववाडी, गिरगाव, मुंबई ४. आई कोकणातली. तिच्या लेखी वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग. त्यामुळे माडांच्या सावलीत, पाटाच्या पाण्याकाठी कोणीतरी आमच्यासाठी कथा छापीत बसले आहे, असे चित्र माझ्या मनात कित्येक वर्षे होते.

१९६८ साली मी प्रथम मुंबईस गेलो आणि पत्ता विचारीत खटाववाडीत पोहोचलो. माड नव्हते, पाटही नव्हता. अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना चाळी, कठड्यांवर वाळत घातलेली धोतरे-लुगडी, आणि कोठूनतरी येणारा छापखान्याचा अखंड खडखडाट. क्षणभर माझा विरस झाला. मग त्या आवाजाकडे कान देऊन मी उभा राहिलो आणि मनात आले, हाच आवाज महिन्याच्या महिन्याला आमच्या दारी येत होता.

गिरगाव हे आज मुंबईचे हृदय मानले जात असले, तरी मूळचे ते उपनगरच. गिरिग्राम, म्हणजे मलबार टेकडीच्या पायथ्याचे गाव, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. इंग्रजांचे शहर कोटाच्या आत होते. गिरगाव कोटाबाहेरचे, बागाईतीचे. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध केले, तेव्हा कोटाच्या भिंती नुकत्याच पडू लागल्या होत्या. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट ही नावे पाहा. झाडे गेली, शेते गेली, पण नावांनी ती राखून ठेवली. एखाद्या वस्तीचे पहिले वाङ्मय म्हणजे तिच्या गल्ल्यांची नावे, असे मला वाटते.

याच गिरगावात नाना शंकरशेट यांचा वाडा होता. मुलींच्या आरंभीच्या शाळांपैकी एक त्या वाड्यात भरली. नानांच्या चरित्रावर आणि त्यांच्या काळातील मुंबईवर गंगाधर गाडगीळांनी पुढे 'प्रारंभ' ही बृहत् कादंबरी लिहिली. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९१३ च्या मे महिन्याच्या तीन तारखेस सँडहर्स्ट रस्त्यावरील कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला. लोकमान्यांच्या अंत्ययात्रेचा अखेरचा मुक्काम १९२० साली याच गिरगावच्या चौपाटीवर झाला. १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि केळेवाडी हे नाव नाटकवेड्या माणसांच्या तोंडी कायमचे बसले. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. ती ज्या जगातली, ते जग या वाड्यांचेच. आपल्यापैकी किती जणांनी चाळीत एक रात्रही काढलेली नाही! तरीही त्या चाळीतील माणसे आपल्याला आपल्या शेजाऱ्यांहून अधिक ओळखीची वाटतात.

आता गाण्याकडे वळू. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. १९०८ मध्ये ते मुंबईस आले आणि विद्यालयाची शाखा गिरगावच्या परिसरात उभी राहिली. गाणे कोठीतून आणि दरबारातून काढून मध्यमवर्गीय घरांतील मुलामुलींपर्यंत नेण्याचे त्यांचे व्रत होते. इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि ती वास्तू पुढे हातची गेली. तथापि वास्तू गेली म्हणून विद्या गेली नाही. पंडितजींच्या शिष्यांपैकी विष्णु अण्णाजी कशाळकर प्रयागला गेले, ओंकारनाथ ठाकूर पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात गेले, नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. आज आपल्या नाती ज्या पद्धतीने वहीत स्वरलिपी लिहून गाणे शिकतात, तिच्या मुळाशी कोठेतरी या शिष्यमंडळींचे पायपिटीचे कष्ट आहेत. एका अर्थी आपल्याआधी गिरगावच आपल्या शहरांत येऊन राहिले होते.

त्याच गुरुकुलातील प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली ऑपेरा हाऊसजवळ आपली संगीतशाळा काढली. नाना घराण्यांचे उस्ताद तेथे येत, बसत, गात. देवधरांनी हे सारे केवळ ऐकले नाही, लिहूनही ठेवले. त्यांचे 'थोर संगीतकार' हे पुस्तक आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात आहे; निदान गेल्या दिवाळीपर्यंत तरी होते. त्या शाळेत बालवयात एक मुलगा शिकायला आला. त्याचे नाव शिवपुत्र कोमकली. आपण त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखतो.

बंधुभगिनींनो, माझ्या विषयाचा खरा गाभा येथे आहे. क्षयाच्या दुखण्यामुळे कुमारांनी मुंबई सोडली आणि १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यात देवासला आले. गाण्याच्या ऐन बहरात गाणे थांबले. अशा माणसाने सोडलेल्या वस्तीच्या आठवणी काढीत बसावे, यात नवल नव्हते. परंतु कुमारांनी अंथरुणावर पडल्या पडल्या कान देवासला लावले. आसपासच्या बायका सणासुदीला काय गातात, दारी येणारे काय गातात, हे त्यांनी ऐकले, टिपले आणि त्या लोकधुनांतून नवे राग रचले. १९६५ साली 'अनूपरागविलास' प्रसिद्ध झाला. गिरगावात मिळालेली विद्या त्यांनी माळव्यातल्या शेजारासाठी वापरली, आणि १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, ते देवासकरच राहिले.

आता गिरगावची आजची स्थिती. मुंबईतील ट्राम १९६४ साली बंद झाली. 'सत्यकथा' मासिकाची बंडखोर तरुण लेखकांनी १९६९ मध्ये होळी केली. ते मासिक नंतरही तेरा वर्षे चालले आणि १९८२ साली थांबले. चाळींतील कुटुंबे पार्ले, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीकडे गेली. जुन्या इमारतींच्या जागी उंच मनोरे आले, आणि २०२५ पासून गिरगावच्या पोटातून भुयारी मेट्रो धावू लागली आहे. याविषयी मी तक्रार करीत नाही. गळक्या छपराखाली आणि सार्वजनिक नळावर ज्यांनी जन्म काढला, त्यांना नवे घर मिळू नये काय? मला एवढेच म्हणायचे आहे की, आपण ज्याच्यापासून दूर आलो असे समजतो, ते गाव आता गिरगावकरांपासूनही दूर गेले आहे. ते जेथे सुरक्षित आहे, ती जागा म्हणजे पुस्तके आणि गाणी. कोणीतरी लिहिले, कोणीतरी गायिले, म्हणून ते उरले. मुंबईत वस्त्या काय थोड्या होत्या? ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्या नकाशावरून पुसल्या गेल्या त्या दिवशीच संपल्या.

आता चिटणीसांच्या प्रश्नाचे उत्तर.

आपले मंडळ पन्नास वर्षांचे झाले. ज्या मोहल्ल्यात आपण राहिलो, तेथे आपण गणपती बसविले, मुलींची लग्ने केली, आईवडिलांना अखेरचा निरोप दिला. ज्या वर्षी पुराचे पाणी गल्लीत शिरले, त्या वर्षी शेजारच्या मिश्राजींच्या गच्चीवर आमच्या तीन पिढ्या दोन रात्री राहिल्या, आणि माझ्या आईने त्यांच्या चुलीवर थालीपीठ लावले. या मोहल्ल्यावर मराठीत एक ओळ तरी लिहिली गेली आहे काय? आपण खटाववाडीचा पत्ता तोंडपाठ ठेवला, पण स्वतःच्या गल्लीचे नाव कशावरून पडले, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हते. माझ्या नातीने विचारले, "आजोबा, आपलं गाव कोणतं?" मी सवयीने कोकणातले नाव सांगितले. ती म्हणाली, "ते तुमच्या आईचं. आपलं?" मला उत्तर देता आले नाही. हा प्रश्न घेऊन मी आपल्यासमोर उभा आहे.

म्हणून दोन विनंत्या. पहिली : मंडळाच्या ग्रंथालयातील जुने बांधीव अंक वाचक नाहीत म्हणून काढून टाकावेत, असा विचार चालू आहे. जागेची अडचण मी जाणतो. परंतु ते अंक म्हणजे आपल्या घरांत पन्नास-साठ वर्षे नांदलेले गिरगाव आहे. जागा होईपर्यंत ते माझ्या बाहेरच्या खोलीत ठेवण्यास मी तयार आहे; तेथील पलंग हलविण्याची संमती सौभाग्यवतींनी कालच दिली आहे. दुसरी : प्रत्येक कुटुंबाने आपल्या मोहल्ल्याविषयी दोन पाने लिहून मंडळाकडे द्यावीत. गल्लीचे नाव, जुने झाड, दूधवाला, शेजारणीने शिकविलेले गाणे, काहीही चालेल. मराठी कच्चे असेल तर नातवंडांनी हिंदीत सांगावे, आजीने मराठीत उतरवावे. माझी दोन पाने मी आजच चिटणीसांच्या हाती देत आहे. त्यांत मिश्राजींची गच्ची आहे.