टीअरगार्टनमधली सातशे झाडं
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिलाय. खरं सांगू? कामासाठी परदेशी जाणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांचा अनुभव म्हणजे हॉटेल, ऑफिस आणि सकाळी सातला पुण्याशी कॉल. म्हणून मी फक्त एका रविवारबद्दल बोलते.

बर्लिनमध्ये रविवारी दुकानं बंद. ऑफिसमधले निवृत्तीला आलेले एक सहकारी म्हणाले, चला, टीअरगार्टन दाखवतो. शहराच्या मधोमध २१० हेक्टरांची, म्हणजे पाचशे एकरांहून मोठी बाग. पूर्वी हे राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. अठराव्या शतकात फ्रेडरिक द ग्रेटने ते लोकांसाठी खुलं केलं. पुढे १८३०च्या दशकात पेटर योझेफ लेने यांनी तिथे वळणदार वाटा, तळी, कुरणं आखली. मधून ब्रँडेनबुर्ग दरवाजाकडे जाणारा रुंद रस्ता आहे, त्यावर विजयस्तंभ. सगळे तिथे फोटो काढतात. मीही काढला, ग्रुपवर टाकला, तुम्ही अंगठे दिलेत. खरी बाग मात्र आत आहे. दहा मिनिटं चाललं की गाड्यांचा आवाजही विरतो.

मी म्हटलं, “किती जुनी झाडं आहेत!” ते हसले. “यातली बहुतेक माझ्यापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी आहेत.”

युद्धापूर्वी इथे दोन लाखांच्या आसपास झाडं होती. युद्धानंतर उरली साधारण सातशे. काही बॉम्बनी आणि लढाईने गेली, पण बाकीची लोकांनीच तोडली. शहर उद्ध्वस्त, कोळसा नाही आणि हाडं गोठवणारे हिवाळे. मोकळ्या झालेल्या जमिनीचे तुकडे पाडून लोकांनी बटाटे आणि कोबी लावला. संसदेच्या पडक्या इमारतीसमोर भाजीचे वाफे, असे त्या काळचे फोटो आहेत. सहकाऱ्यांची आई सांगायची, खोडं लवकरच संपली, मग माणसं मुळं खणायला यायची. त्यांचा मोठा भाऊ तेव्हा तान्हा होता.

त्या माउलीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. घरात लेकरू काकडत असतं तर मीही कुऱ्हाड उचलली असती.

पण पुढचं ऐका. १७ मार्च १९४९ला महापौर एर्न्स्ट रॉयटर यांनी तिथे लिंडेनचं एक रोप लावलं. तेव्हा पश्चिम बर्लिनची नाकेबंदी चालू होती. रस्ते, रेल्वे बंद. पीठ, कोळसा, सगळं विमानाने यायचं. आणि त्या विमानांतून झाडांची रोपंही आली! विमानात किलोकिलोचा हिशेब असणार. रोपं चढवायची तर तेवढं दुसरं काहीतरी खाली ठेवावं लागलं असेल. माझ्यासारखीने तो तक्ता केला असता, तर रोपांची ओळ पहिल्यांदा खोडली असती. पश्चिम जर्मनीतल्या गावांनी, शहरांनी रोपं भेट दिली. दहाएक वर्षांत सुमारे अडीच लाख लागली. मी ज्यांच्या सावलीत उभी होते, ती हीच.

आता हे मी इथे का सांगतेय, ते सांगते. आपल्या बॅचने सभागृहासाठी निधी जमवला. आराखडा ग्रुपवर आला, त्यात चिंच जाते हे स्पष्ट लिहिलं होतं. तीच चिंच, जिच्याखाली आपण डबे खाल्ले, आणि जिचे आकडे पाडताना कौल फुटला म्हणून अर्ध्या वर्गाने छड्या खाल्ल्या. ‘हो’ म्हणणाऱ्यांत मी तिसरी होते. मीटिंगमध्ये होते, नीट वाचलंही नाही. मला तर थंडीसुद्धा वाजत नव्हती.

परवा तो आराखडा उघडून बसले. चिंचेच्या आड सभागृह येतच नाही, येतो तो फक्त बाहेरचा जिना. तो उत्तरेकडे फिरवला तर माझ्या मापाने झाड वाचतं. पण कागदावरचं माप आणि जागेवरचं माप यांत फरक असतो, हे आपल्यातले सिव्हिलवाले सांगतीलच.

सर, मोजपट्टी मी पर्समध्ये घालून आणलीय. जेवणं झाली की मी चिंचेपाशी जाणार आहे. पट्टीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी या.