लग्न नोंदवायचं कोणत्या धर्मात?

(कळंब, ता. आंबेगाव येथील बैठकीतील भाषण)



आपल्याकडे कितीतरी देव्हाऱ्यांत पूर्वजांचे टाक असतात. शब-ए-बारातला आपण कबरस्तानात जाऊन वडीलधाऱ्यांसाठी दुआ मागतो. परमुलखात गेलेल्या चिनी माणसाच्या घरात पूर्वजाच्या नावाची लाकडी पाटी असते. तिच्यापुढं उदबत्ती लावायची, सणाला ताट मांडायचं. कन्फ्युशियसची शिकवण त्याच्यापर्यंत पोहोचली ती ग्रंथांतून कमी, या रिवाजातून जास्त. मुंबईत माझगावला चिनी लोकांचं जुनं मंदिर आहे, 1919 च्या सुमाराचं. तिथं निष्ठेसाठी पुजला जाणारा सेनापती क्वान कुंग आहे आणि करुणेची बौद्ध देवीही आहे. यातलं कन्फ्युशियसचं किती, बुद्धाचं किती, ही वाटणी करायची गरज भाविकाला पडत नाही. ती सरकारला पडते.

इंडोनेशियात ती पडली. 1965 च्या फर्मानात सहा धर्मांमध्ये कन्फ्युशियसचा धर्म होता. 1967 मध्ये सुहार्तो राजवटीनं चिनी सण आणि पूजाअर्चा उघड्यावर करायला बंदी घातली. पुढं मान्यताही गेली. 1974 च्या कायद्यानं लग्न धर्माप्रमाणं लागलं तरच ग्राह्य. मग अनेकांनी कागदावर बौद्ध किंवा ख्रिस्ती लिहिलं. काहींनी आमच्याकडंही एक ईश्वर आहे, ग्रंथ आहे, कन्फ्युशियस आमचा पैगंबर आहे, अशी मांडणी केली. म्हणजे धर्म ठरायला आपल्यासारखं दिसावं लागतं! मला हे बोचतं.

1990 च्या दशकात सुरबायातल्या एका जोडप्यानं या धर्माप्रमाणं लग्न केलं. नोंदणी नाकारली गेली. ते कोर्टात गेले. त्यांच्या बाजूनं उभे राहिले अब्दुर्रहमान वाहिद, लोकांचे गुस दुर, नहदलतुल उलेमा या प्रचंड मुस्लिम संघटनेचे अध्यक्ष. कोणता धर्म खरा, हे ठरवणं सरकारचं काम नव्हे, ही त्यांची भूमिका. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर जानेवारी 2000 मध्ये त्यांनी 1967 ची बंदी उठवली. धर्म म्हणून सरकारदरबारी पुन्हा मान्यता आली 2006 मध्ये.

आपल्या सभांत अल्पसंख्याकांचे हक्क म्हटलं, की डोळ्यांपुढं आपणच येतो. गुस दुर तिथं बहुसंख्य होते, हे विसरू नका. त्यांच्यावर आपल्याच लोकांकडून टीका झाली, तरी ते हटले नाहीत.

2009 मध्ये ते वारले. सेमारांग शहरातल्या एका जुन्या चिनी संस्थेत पूर्वजांच्या पाट्यांमध्ये आज एक पाटी गुस दुर यांच्या नावाची आहे.