उन्हावर चालणारे व्यवसाय



हरित अर्थव्यवस्था म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रोपवाटिका आणि वनराई उभी राहते. या अर्थव्यवस्थेत त्यांना स्थान आहेच. परंतु दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वायरमनचा किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या तरुणाला तिचे प्रवेशद्वार बहुधा एखाद्या घराच्या गच्चीवर सापडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसविण्याची योजना जाहीर केली. हे संच जागेवर नेऊन, बसवून, जोडून ते पुढे चालू ठेवण्याचे काम कोणत्याही कारखान्यात बसून होत नाही. त्यासाठी गच्चीवरच चढावे लागते.

हे काम वरवर पाहता सोपे वाटते. प्रत्यक्षात त्यात अनेक बारकावे आहेत. सौर पॅनेलला ऊन हवे असते, पण उष्णता नको असते: सिलिकॉनच्या पॅनेलचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे त्याची शक्ती साधारणपणे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून पॅनेलखाली वारा खेळता ठेवणे हे कुशल माणसाचे पहिले लक्षण होय. पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडली, तर तेवढ्याच कोपऱ्याचे नुकसान होते असे नाही. पॅनेलमधील घट एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे झाकलेला घट बाकीच्यांनाही अडवितो. याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्यामुळे सैल जोडावर उडालेली ठिणगी विझण्याची शक्यता असते. पॅनेलमधून येणारा एकदिश प्रवाह तसा शून्यावर येत नाही. सैल जोडावर पेटलेली ठिणगी तेथेच धुमसत राहू शकते. घरमालकाला हे कळत नाही. ते कळणे ही जोडणी करणाऱ्याची जबाबदारी असते, आणि त्याच्या मजुरीचा खरा मोबदला तिच्यासाठीच असतो.

असे मनुष्यबळ तयार व्हावे म्हणून २०१५ साली ‘सूर्यमित्र’ नावाचा सुमारे तीन महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी हरित व्यवसायांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषद स्थापन झाली. तथापि प्रमाणपत्र आणि नोकरी यांतील अंतर लक्षात घेतल्यावाचून तरुणांनी या वाटेला जाऊ नये. मोठ्या प्रकल्पाची उभारणी चालू असते तेव्हा शेकडो हातांना काम मिळते. उभारणी संपली की देखभालीला मोजकीच माणसे पुरतात. गच्चीवरच्या लहान संचांची गोष्ट निराळी आहे. ते गावोगावी विखुरलेले असतात, अधूनमधून बिघडतात, आणि दुरुस्तीसाठी जवळचाच माणूस लागतो.

या क्षेत्रात शाळेचा दाखला हाच एकमेव परवाना नाही, हे राजस्थानातील तिलोनिया या गावाने फार पूर्वी दाखवून दिले. तेथे १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजमध्ये अल्पशिक्षित आणि निरक्षर ग्रामीण स्त्रियांना सौर दिव्यांची जुळणी व दुरुस्ती शिकविली गेली. पुढे आफ्रिकेतील खेड्यांतूनही स्त्रिया तेथे आल्या. शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या यांची भाषा एक नव्हती. रंगांनी ओळखता येणारे भाग, खाणाखुणा आणि हाताला झालेला सराव यांवर सहा महिने काम भागले. त्यांतील कितीतरी जणी आजीच्या वयाच्या होत्या. तरुण माणूस शिकून शहराची वाट धरतो, आजी मात्र गावातच राहते, असा त्यामागचा व्यवहारी हिशेब होता.

याची दुसरी बाजू कर्नाटकातील पावगड येथे दिसते. तुमकूर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात पाच गावांच्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॅटचे सौर उद्यान उभे आहे. जमीन विकत न घेता भाड्याने घेण्यात आली; आरंभी एकराला वर्षाकाठी २१,००० रुपये ठरले. भुईमुगाचे पीक वरचेवर बुडताना पाहिलेल्या शेतकऱ्याला ही निश्चित रक्कम मोलाची वाटली. परंतु त्याच शेतात रोजंदारी करणाऱ्या भूमिहीन मजुराच्या नावावर भाड्याची पावती फाटत नाही. त्याच्या वाट्याला राहते ते पॅनेल धुणे, गवत कापणे आणि राखण करणे, आणि तेही मोजक्यांच्या. तेथील त्याच्या मुलाला पॅनेलच्या मागची जोडणी शिकविली जाते की नाही, यावर त्या घराचे पुढचे दिवस अवलंबून आहेत.

पवनऊर्जेची वाट अधिक कष्टाची आहे. तामिळनाडूतील मुप्पंडल परिसरात पश्चिम घाटाच्या खिंडीतून नैऋत्य मोसमी वारा जोराने वाहतो. तेथील तंत्रज्ञाला सुरक्षा-पट्टा बांधून मनोऱ्यावर चढावे लागते. ज्याला उंचीचे भय आहे त्याने हा व्यवसाय निवडू नये.

आणखी एका व्यवसायाकडे अद्याप फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. सौर पॅनेलचे आयुष्य साधारणपणे २५ वर्षांचे धरले जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत जुन्या पॅनेलचाही समावेश आहे. काच, अॅल्युमिनियमची चौकट, सिलिकॉन आणि थोडी चांदी एवढे सारे त्यांतून वेगळे काढायचे आहे, आणि काचेला चिकटलेला थर सोडविणे हे त्यातले अवघड काम. आज गच्चीवर चढणारा विशीतला मुलगा पंचेचाळिशीला येईल, तेव्हा त्याने बसविलेली पॅनेले उतरविण्याची वेळ आलेली असेल.