सावित्रीच्या खोऱ्यातील हवा आणि वायूंचा आंशिक दाब

हवेला वजन आहे आणि त्या वजनामुळे ती पृथ्वीतलावरील प्रत्येक वस्तूवर दाब देते, ही गोष्ट शालेय पाठ्यपुस्तकात आपण सर्वांनी वाचलेली असते. समुद्रकाठी हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो, हा आकडाही पुष्कळांच्या स्मरणात असेल. परंतु हवा हे अनेक वायूंचे मिश्रण आहे, आणि त्या ७६० मध्ये कोणत्या वायूचा हिस्सा किती, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. वास्तविक आपला श्वास, आपला घाम, आपल्या शेतावरचा पाऊस आणि आपल्या नद्यांतील माशांचे जीवित या सर्वांचा निकाल त्या त्या वायूच्या स्वतःच्या दाबावर लागतो, आणि यालाच शास्त्रात आंशिक दाब अशी संज्ञा आहे. या विषयाचा विचार आज मी सावित्री नदीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या आधाराने करणार आहे. कारण बाणकोटच्या खाडीतून आत शिरलेली भरती ज्या महाडापर्यंत पोहोचते, त्याच महाडापासून थोड्याच कोसांवर महाबळेश्वराचा साडेचार हजार फुटांचा डोंगर उभा आहे, आणि इतक्या थोड्या अंतरात हवेची इतकी स्थित्यंतरे दाखविणारा मुलूख शोधूनही विरळाच सापडेल.

आंशिक दाबाच्या नियमाचा शोध लावणारे जॉन डाल्टन हे अणुवादाचे प्रवर्तक म्हणून विख्यात असले, तरी त्यांच्या चिंतनाचा उगम हवामानाच्या नोंदींत होता. इंग्लंडातील एका खेड्यात विणकराच्या पोटी जन्मलेल्या या गृहस्थांनी १७८७ साली हवामानाची रोजनिशी लिहावयास घेतली आणि १८४४ साली देह ठेवीपर्यंत ती चालू ठेवली. हवा पाण्याला आपल्यात विरघळवून घेते आणि म्हणून वाफ हवेत राहते, असे त्या काळच्या विद्वानांचे मत होते. डाल्टन यांनी निर्वात पात्रात थोडे पाणी सोडून त्याच्या वाफेचा दाब मोजला, नंतर तितक्याच उष्णतामानाच्या कोरड्या हवेत पाणी सोडून दाब किती वाढतो हे मोजले, आणि दोन्ही वेळा वाफेचा दाब एकच आला. हवा असो वा नसो, वाफेच्या वर्तनात फरक पडत नव्हता. यावरून १८०१ साली त्यांनी मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे असे प्रतिपादन केले की, मिश्रणातील प्रत्येक वायू त्या जागेत आपण एकटेच आहोत अशा रीतीने दाब देतो, आणि एकूण दाब म्हणजे या निरनिराळ्या दाबांची केवळ बेरीज होय. गावाच्या जमाबंदीत प्रत्येक खातेदाराचा सारा त्याच्या स्वतःच्या जमिनीवर आकारला जातो, शेजारच्या खात्यामुळे त्यात दमडीचाही फेर होत नाही, आणि कचेरीत जमा होणारा वसूल ही त्या सर्व खात्यांची बेरीज असते. वायूंचा व्यवहार असाच आहे.

महाडची हवा अगदी कोरडी आहे असे क्षणभर धरले, तर ७६० पैकी सुमारे ५९३ मिलिमीटर नत्रवायूचे, १५९ प्राणवायूचे, ७ आरगॉन नावाच्या निष्क्रिय वायूचे आणि अवघा एक तृतीयांश मिलिमीटर कार्बन डायऑक्साइडचा, असा हिशेब होतो. पण कोकणची हवा कोरडी कधीच नसते. वैशाखात महाडच्या बाजारपेठेत जी असह्य घुसमट होते, त्या वेळी बाष्पाचा दाब सुमारे २५ मिलिमीटर असतो, आणि तेवढ्याने प्राणवायूचा दाब १५९ वरून १५४ वर येतो. हवेत प्राण राहिला नाही, असे माणसे त्या वेळी म्हणतात. परंतु पाच मिलिमीटरांच्या तुटीने कोणाचा जीव घुसमटत नाही. घामाने भिजलेल्या त्वचेचे उष्णतामान ३५ अंश धरल्यास तिच्या लगतच्या बाष्पाचा दाब ४२ मिलिमीटर होतो, आणि घाम सुकण्याचा वेग हा ४२ आणि बाहेरच्या बाष्पाचा दाब यांतील अंतरावर अवलंबून राहतो. महाडला हे अंतर १७ राहते. सोलापूरकडे वैशाखातील दुपारी उष्णतामान ४१ अंशांवर गेले, तरी बाष्पाचा दाब १२ च्या आसपास असल्यामुळे अंतर ३० होते. म्हणून तेथील माणूस उन्हाने भाजतो, पण त्याचा घाम अंगावर टिकत नाही. कोकणातील उकाड्याचे मूळ एवढ्या एका वजाबाकीत आहे.

आता पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाने वर चढू या. सुमारे चाळीस किलोमीटरांच्या या वाटेवर हवेचा एकूण दाब ७६० वरून ६५० पर्यंत उतरतो. प्राणवायूचे शेकडा प्रमाण खाली जितके होते तितकेच, म्हणजे २१ च्या जवळपास, वरही राहते. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते ही समजूत यथार्थ नव्हे. घटतो तो त्याचा दाब, १५९ वरून १३६ वर. फुप्फुसांतून रक्तात शिरणाऱ्या प्राणवायूला पुढे लोटणारी शक्ती ही या दाबाची असल्यामुळे शरीराला शेकडा प्रमाणाचे सोयरसुतक नाही. आणखी एक बाब येथे ध्यानात घेतली पाहिजे. आत घेतलेला श्वास घशाच्या ओलाव्याने तत्काळ संपृक्त होतो आणि ३७ अंशांच्या देहात त्या बाष्पाचा दाब ४७ मिलिमीटर असतो, मग तो देह महाडात असो की हिमालयात. हे ४७ प्रथम वजा करावे लागतात आणि उरलेल्या दाबाचा शेकडा २१ च्या जवळपास हिस्सा प्राणवायूच्या वाट्याला येतो. महाडला तो सुमारे १४९ भरतो आणि महाबळेश्वरी १२६; एव्हरेस्टच्या माथ्यावर एकूण दाबच २५३ च्या आसपास असल्यामुळे ४७ वजा जाऊन प्राणवायूला केवळ ४३ मिलिमीटर उरतात. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे गिर्यारोहक २०१२ च्या मे महिन्यात त्या शिखरावर पोहोचले. अशा मोहिमांत बहुतेकांच्या पाठीवर प्राणवायूची नळकांडी का असतात, याचे उत्तर या ४३ च्या आकड्यात मिळते.

परंतु या खोऱ्यातील सर्वांत मोठा व्यवहार बाष्पाचा आहे, आणि त्यापाशी थोडे अधिक थांबले पाहिजे. प्राणवायू किंवा नत्रवायू यांच्या दाबाला आपल्या हवेत वरची मर्यादा नाही. बाष्पाच्या दाबाला मात्र उष्णतामानाने ठरवून दिलेली मर्यादा असते, जी ३० अंशांना सुमारे ३२ मिलिमीटर, २५ अंशांना २४ आणि २० अंशांना साडेसतरा आहे. तिच्यापलीकडचे बाष्प वायुरूपाने राहू शकत नाही, त्याचे पाणी होते. आषाढात अरबी समुद्रावरून सावित्रीच्या खोऱ्यात शिरणारे वारे २५ मिलिमीटर दाबाचे बाष्प घेऊन येतात, आणि महाडला उष्णतामान २७-२८ अंश असल्यामुळे ते मर्यादेच्या अगदी जवळ, तरीही तिच्या आत असते. पुढे सह्याद्री आडवा येतो आणि वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चढताना हवा प्रसरण पावते, एकूण दाबाबरोबर बाष्पाचा दाबही त्याच प्रमाणात उतरून माथ्यावर २१ वर यावयास हवा. पण प्रसरणाने हवा थंडही होते, आणि २० अंशांच्या त्या माथ्यावर साडेसतराहून अधिक बाष्पाला जागा नसते. राहिलेल्या साडेतीन-चार मिलिमीटरांचे पाणी होते. दर घनमीटर हवेमागे हे पाणी तीन-चार ग्रॅमच भरते, म्हणजे चमचाभरही नाही. परंतु पश्चिमेकडून येणारी हवा रात्रंदिवस खंड न पडता त्या उतारावर चढत असते, आणि म्हणून महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्याच पावसातून महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास परत येते.

हा व्यवहार किती निष्ठुर होऊ शकतो, ते या दोन तालुक्यांना सांगावयास नको. २०२१ साली २३ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवसांत महाड शहर पुराखाली होते आणि २२ जुलैला तळिये गावावर दरड कोसळून माणसे घरांसकट गाडली गेली. डोंगराची माती, उतार, झाडोरा या सर्वांचा त्या संकटात भाग होता. पण मुळात जे पाणी कोसळले ते आदल्या क्षणापर्यंत हवेतील एक अदृश्य वायू होते, ही जाणीव मला नेहमी अस्वस्थ करते, आणि बाष्पाच्या दाबाच्या नोंदी पावसाच्या नोंदींइतक्याच काळजीने गावोगावी ठेवल्या जाव्यात असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारी साधने ही फार खर्चाची नाहीत: एक कोरडा तापमापक, एक ओल्या फडक्याने वेढलेला तापमापक आणि त्या दोहोंतील अंतरावरून दाब दाखविणारे कोष्टक.

डाल्टन यांचे स्नेही विल्यम हेन्री यांनी १८०३ साली आंशिक दाबाचा विचार पाण्यापर्यंत नेला. पाण्यात एखादा वायू किती विरघळेल, हे पाण्यावरील हवेतल्या त्याच्या आंशिक दाबाच्या प्रमाणात ठरते, आणि पाणी तापले की ते कमी वायू धारण करते. महाड तालुक्यात काळ नदीच्या पात्रात वाळण कोंड म्हणून खोल डोह आहे. वरदायिनी देवीवरील श्रद्धेमुळे तेथील महाशीर मासे कोणी धरीत नाही. या माशाला प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. २० अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू उतरू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. उन्हाळ्यात पात्र आटून प्रवाह मंदावला की हा साठा आधीच उणा असतो; त्यात कुजणारी घाण मिसळली, मग ती गावातून आलेली असो की कारखान्यातून, तर तिच्यावर जगणारे सूक्ष्मजीव प्राणवायू हवेतून भरून येण्यापूर्वीच संपवून टाकतात. ज्या डोहाला गावकऱ्यांच्या श्रद्धेने जाळ्यापासून वाचविले, त्याला या अदृश्य तुटीपासूनही वाचविले पाहिजे.

हीच तूट माणसाच्या बाबतीत फार थोड्या अवधीत घातक ठरते, आणि ती घडते पुष्कळ दिवस न उपसलेल्या विहिरीत किंवा झाकून ठेवलेल्या टाकीत. तळाशी पालापाचोळा कुजत असतो. त्या क्रियेत जितका प्राणवायू खर्च होतो, बहुधा तितकाच कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. प्राणवायूचा दाब १५९ वरून ७९ वर आला आणि कार्बन डायऑक्साइडचा ८० झाला, तर बेरीज होती तेवढीच राहते. वायुभारमापक वर जे दाखवील तेच खाली दाखवील, रंगाने वा वासानेही काही कळणार नाही, आणि उतरलेला माणूस मात्र काही मिनिटांत शुद्ध हरपून पडेल. दोरीला कंदील बांधून आत सोडण्याची जुनी रीत उपयुक्त आहे, कारण प्राणवायूचे प्रमाण पुरेसे घटले की ज्योत विझते. तथापि ज्योत तेवत राहिली एवढ्यावरून विहीर सुरक्षित आहे असे समजू नये, कारण घाणीतून निघणाऱ्या विषारी वायूंची अत्यल्प मात्राही मारक असते आणि ज्योतीला तिचा पत्ता लागत नाही. अशा वायूंपैकी काही पेट घेणारेही असतात, म्हणून मैल्याच्या टाकीत तर ज्योत कदापि सोडू नये. खाली कोणी पडला असेल, तर त्याचा भाऊ किंवा शेजारी त्याला काढण्यासाठी तसाच उतरतो आणि तोही परत येत नाही. वरूनच पंख्याने किंवा भात्याने ताजी हवा आत सोडावी, श्वसनयंत्र बाळगणाऱ्या अग्निशामक दलाच्या लोकांस ताबडतोब बोलवावे, आणि ते येईपर्यंत दुसऱ्या कोणास काठ ओलांडू देऊ नये.