गाडी फटके का मारते?
(पावसाळ्याआधी बदलापूर येथे पाड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला मोटरसायकलीबद्दल बोलायला सांगितले आहे. या बैठकीत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण मूळगाव ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागा, किंवा मलंगगडाच्या पायथ्याला जा. तिथल्या कातकरी आणि ठाकर पाड्यांपर्यंत १०८ची गाडी पोहोचेलच असे नाही. डांबरी रस्ता संपतो तिथे ती थांबते. पुढे औषधांची पेटी नेते तुमची गाडी, आणि तापाने फणफणलेले लेकरू व त्याची आई खाली येतात तीही तुमच्याच गाडीवर. ही गाडी वाटेत बंद पडून चालत नाही.

गाडी फटके मारते, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. त्यावर सर्रास होणारा इलाज म्हणजे स्क्रू पिळून स्लो वाढवणे. आवाज दोन दिवस दबतो, पेट्रोल जास्त जळते आणि दुखणे तिथेच राहते. म्हणून आधी आवाज कधी येतो ते ऐका.

उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फट-फट येते, तेव्हा बहुतेक वेळा हवा नको तिथून आत शिरत असते. इंजिनाला पेट्रोल आणि हवा ठरलेल्या मापात लागते. हवा जास्त झाली की मिश्रण इंजिनात नीट पेटत नाही, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाते आणि तिथे भडकते. ही हवा दोन जागांतून येते. एक, कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारा रबर. उन्हाने, पेट्रोलने तो कडक होतो, चिरतो. नाहीतर त्याचा क्लॅम्प ढिला असतो. दुसरी, सायलेन्सर इंजिनाला मिळतो तिथले गास्केट. आपल्या खडखडत्या रस्त्यांनी तिथले नट सैल होतात.

रबर तपासायला मेकॅनिक लागत नाही. गाडी स्लोवर ठेवा आणि झाडांवर पाणी मारायच्या फवारणीच्या बाटलीने त्या रबरावर थोडे पाणी मारा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर चीर तिथेच आहे. पाणी प्लगवर जाऊ देऊ नका. काही जण याच कामाला पेट्रोल शिंपडतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो, भडका उडायला वेळ लागत नाही. ते कोणीही करायचे नाही, कोणाला करूही द्यायचे नाही.

गास्केटची खूण म्हणजे जोडाभोवती काजळी. गार गाडी चालू करून जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबा. जोडातून फुस्स ऐकू आले की झाले. काही गाड्यांत धुरातला विषारी भाग कमी व्हावा म्हणून सायलेन्सरकडे मुद्दाम हवा सोडणारी बारीक नळी असते. तिचा व्हॉल्व्ह अडकला तरी असाच आवाज येतो, म्हणून दोन्ही जोड चांगले निघाले तर मेकॅनिकला ती नळी दाखवा.

रेस देताना कार्बोरेटरच शिंकल्यासारखा करत असेल, तर गोष्ट वेगळी. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल किंवा टॅपेट घट्ट बसले असतील. आणि चालता चालता गाडी मिसिंग करून एकच मोठा बार काढत असेल, तर आधी प्लग आणि प्लगची टोपी बघा. पावसात टोपीत पाणी शिरले की हमखास असे होते.

२०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथे पिळायला स्क्रूच शोधू नका. पण रबर आणि गास्केट त्यांनाही आहेत, आणि तपासणी तीच.

हवा घेणारी गाडी नुसती आवाज करत नाही. ती जास्त तापते, प्लग पांढरा पडतो, सिग्नलला स्लो वर-खाली होतो. तशीच दामटली तर पिस्टनचे काम निघते. रबर आणि गास्केट काही शेकड्यांत बसतात, पिस्टनचे काम हजारांत जाते, आणि यातल्या बऱ्याच गाड्या तुमच्यासारख्यांच्या देणग्यांतून आल्या आहेत. सुट्या भागासाठी उल्हासनगरच्या कॅम्पांत फिरावे, काय मिळत नाही तिथे! फक्त जुना रबर सोबत न्या आणि नव्याशी जुळवून बघा. भोक जरा मोठे असले तरी तो पुन्हा हवा घेईल.

मुद्दाम चावी बंद-चालू करून फटाके काढणारी पोरे अंबरनाथ स्टेशनाबाहेर रोज दिसतात. त्यांना हौस आहे, आपल्याला ती परवडत नाही.

आता बाहेर चला. तुमच्या गाड्या तासभर उभ्या आहेत, सायलेन्सर गार झालेत. पाण्याची बाटली आणि पाने मी आणले आहेत. बारवीकडे जाणाऱ्यांच्या गाड्या आधी घेऊ, त्यांना अंधाराआधी निघायचे आहे.