कागद आपला, अंक कुणाचा?

(वसंत व्याख्यानमाला, चंद्रपूर येथे दिलेले व्याख्यान)



हिप-हॉपची स्वतंत्र मासिकं कशी उभी राहिली आणि कशी बुडाली, हा विषय चंद्रपुरात कशाला, असं काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर बल्लारपुरात आहे. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं तिथल्या पेपर मिलमध्ये गेला आणि त्याचा कागद देशभर गेला. 2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवाने आले आणि गावानं आपला बांबू आपण विकला. बांबूचा हक्क गावानं असा झगडून घेतला. त्याच बांबूच्या कागदावर आपल्या गाण्याबद्दल काय छापावं, हे ठरवण्याचा हक्क मात्र आपण अजून मागितलेलाही नाही.

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्कनं एका इमारतीत पार्टी केली. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. पुढची पंधरा वर्षं हे गाणं वाढत गेलं, पण त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक बाहेरचे होते. 1988 साली हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड मेझ आणि जॉन शेक्टर यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांसाठी एका पानाचं पत्रक काढलं. त्याचं नाव 'द सोर्स'. काही वर्षांतच ते अमेरिकेतलं रॅपचं सर्वांत वजनदार मासिक झालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'हिप-हॉप कनेक्शन' निघालं.

'द सोर्स' नव्या अल्बमला माइक द्यायचं, जास्तीत जास्त पाच. 1994 मध्ये विशीतल्या नाझच्या 'इलमॅटिक'ला पाच माइक मिळाले, त्याची चर्चा अजून होते. मला मात्र त्यातलं दुसरं एक सदर जास्त मोलाचं वाटतं. कोणत्याही कंपनीशी करार नसलेल्या पोरांनी आपली कॅसेट पाठवायची, संपादकानं ती ऐकायची आणि दम असेल त्याच्यावर लिहायचं. 1992 मध्ये त्या सदरात ब्रुकलिनच्या एका अनोळखी मुलावर मजकूर आला आणि त्याला करार मिळाला. जग त्याला नोटोरियस बी.आय.जी. म्हणून ओळखतं. कॅसेट शेवटपर्यंत ऐकून तिच्यावर चार ओळी लिहिणारा माणूस तिथे बसलेला होता, म्हणून हे घडलं.

पडझडही तिथूनच सुरू झाली. 1994 मध्ये मालकानं संपादकांना न विचारता आपल्या मित्रांच्या गटावर लेख छापला. संपादकांनी राजीनामे दिले. मासिक पुढेही खपलं, जाहिराती वाढल्या, पण त्याच्या शब्दावरचा विश्वास गेला. याच सुमारास निघालेलं 'इगो ट्रिप' हे मासिक कुणाचा मुलाहिजा न ठेवता लिहायचं. ते 1998 मध्ये थांबलं. 2009 मध्ये 'हिप-हॉप कनेक्शन'चा छापील अंकही थांबला. इंटरनेटनं मासिकं मारली असं सरसकट म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. ज्याची जाहिरात त्याचंच कौतुक छापायचं, हे वाचकाला एकदा कळलं की अंक विकत घ्यायचं कारण उरत नाही. इंटरनेट आलं ते त्यानंतर.

हे सगळं मराठीत आधीच घडून गेलं होतं. 1950 च्या दशकाच्या मध्यात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, तेही सायक्लोस्टाइलवर. आजच्या मुलांनी ते यंत्र पाहिलेलं नसेल. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिलवर टोकदार लेखणीनं अक्षर कोरायचं. मेण जिथे खरवडलं गेलं तिथून शाई झिरपते. स्टेन्सिल रुळावर चढवायची, हँडल फिरवायचं, एकेक कागद ओला बाहेर येतो. काही शे प्रतींनंतर अक्षरांच्या पोटात शाई भरते आणि स्टेन्सिल फाटते. एवढ्या खटाटोपातून निघालेला अंक टपालानं गावोगाव जायचा आणि पुढे हातोहात फिरायचा.

मग अशोक शहाण्यांचं 'असो', नेमाड्यांचं 'वाचा', राजा ढाल्यांचं 'येरू' अशी रांग लागली. 1969 मध्ये ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाहीरपणे जाळला. मराठीत चांगलं काय ते एकाच मासिकानं का ठरवावं, हा त्यांचा सवाल होता. 1972 साली दलित पँथर उभी राहिली. तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. ब्रॉन्क्समधली ती पार्टी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी. दोन्हीकडची पोरं एकमेकांना ओळखत नव्हती, पण दोघांचाही राग एकाच जातीचा होता आणि दोघांनाही आपली भाषा कुणाकडून तपासून घ्यायची नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही लाट ओसरली. बंडखोर कवींना प्रकाशक मिळाले, काहींना प्राध्यापकी मिळाली, काही राजकारणात गेले. पैसा कधी नव्हताच. टिकलं ते गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श'. नागपुरात जन्मलेल्या या माणसानं औरंगाबादेतून ते जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. त्याचं श्रेय मी अस्मितादर्शच्या मेळाव्यांना देतो. लेखक-वाचक प्रत्यक्ष जमायचे, वाद घालायचे, नवे कवी तिथे उभे राहून वाचायचे. अंकामागे माणसं होती.

आता आपल्याकडे या. मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून रात्रीतून जगापुढे ठेवणारी मुलं आज तालुक्यातालुक्यात आहेत. महादेव कोळी समाजातली माही जी आदिवासींच्या जगण्यावर मराठीत रॅप करते, ते आपल्या आश्रमशाळांतल्या मुलींपर्यंत पोचायला हवं. वडसा ही झाडीपट्टी नाटकांची राजधानी. मंडईच्या हंगामात रात्र रात्र प्रयोग होतात आणि दरवर्षी नवी गाणी बांधली जातात. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आपला ऊर भरून आला. पण काल रात्रीच्या प्रयोगातलं कोणतं गाणं उभं राहिलं, कोणतं नुसतं सिनेमाची नक्कल होतं, हे आज लिहिणारा कोण आहे? विद्यापीठांत प्रबंध होतील, पण त्यांना उशीर लागतो. पाहणाऱ्यांचे आकडे गाण्याखाली दिसतात, पण त्या आकड्यांवरून गाणाऱ्याला आपली चूक कळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सोळा पानांचा अंक, वर्षातून तीनदा. मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, ज्याला जी येते त्या भाषेत. अर्धी पानं अशा गाणाऱ्यांसाठी, ज्यांचं नाव कुठेच छापलं गेलेलं नाही. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम पहिल्या पानावर छापायचा. प्रत्येक अंकानंतर एक मेळावा, कधी मूलला, कधी कुरखेड्याला, कधी भामरागडला. आणि प्रत्येक अंकाची एक प्रत जिल्हा ग्रंथालयात, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी शोधायला आलं तर रिकाम्या हातानं जाऊ नये.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी या शहरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि खेड्यापाड्यातली माणसं आवर्जून वाचायला काही घेऊन जातात. पहिला अंक यंदा त्या स्टॉलवर लागला पाहिजे. ज्यांना लिहायचं आहे, टाइप करायचं आहे किंवा गावोगाव अंक पोचवायचे आहेत, त्यांनी सभा संपल्यावर पाच मिनिटं थांबावं. आपली नावं आजच लिहून घेऊ.