बीजाची शिदोरी आणि किण्वाची पेशी

राजम्याच्या दाण्यात त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा प्रथिनांचा असतो. ही प्रथिने माणसासाठी साठविलेली नसतात. कोंब मातीतून वर येऊन स्वतःचे अन्न सिद्ध करू लागेपर्यंत त्याची गुजराण व्हावी, म्हणून झाड त्याच्याबरोबर ही शिदोरी बांधून देते. माणूस ती वाटेतच सोडून खातो, इतकेच.

या शिदोरीचा पद्धतशीर हिशेब मांडला तो अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ टॉमस ऑसबर्न याने. १९१४ साली त्याने व लाफायेट मेंडेल याने उंदरांना प्रथिन म्हणून केवळ मक्यातील झेइन दिले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली. झेइनमध्ये लायसिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले जवळजवळ नसतातच. ती दोन्ही वेगळी पुरविताच उंदीर पुन्हा वाढू लागले. भरल्या पोटीही शरीर उपाशी राहू शकते, हे त्यातून दिसून आले.

परंतु दाण्यातील प्रथिने एकेकटी कधीच भेटत नाहीत. गव्हातील ग्लायडिन हे एकच प्रथिन नसून भावंडांचे मोठे कुटुंब आहे, आणि त्या भावंडांत फरक थोडाच. त्यांतील एकच वेगळे काढणे म्हणजे तांदळातून तांदूळ निवडण्यासारखे. सीलिअ‍ॅक या आतड्याच्या विकाराने पीडित झालेल्या रोग्याला यांपैकी नेमके कोणते बाधते, हे मग कसे कळावे?

येथे पाव फुगविणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, मदतीस आले. बाहेरून दिलेले जनुक त्याच्या पेशीत नांदते करता येते, हे १९७८ साली सिद्ध झाले. १९८५ साली अमेरिकन संशोधकांनी राजम्यातील फॅसिओलिन या प्रथिनाच्या जनुकाची प्रत किण्वात घातली, आणि त्या इवल्या पेशीने ते प्रथिन तयार केले. नवल असे की, जनुक चालू करणारी वनस्पतीची स्वतःची कळही किण्वाला उमगली. अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन कुळांत एवढी ओळख शिल्लक असावी, ही गोष्ट लहान नव्हे. मक्याच्या झेइनबाबतही तसेच आढळले.

तथापि किण्व म्हणजे बीज नव्हे. सोयाबीनच्या ग्लायसिनिनची लांब साखळी बीजात प्रथम तिघांच्या गटाने जुळते. मग एक विशिष्ट विकर प्रत्येक साखळी ठरावीक जागी कापते, आणि त्यानंतरच दोन त्रिकुटे मिळून षट्क होते. बीजातील ही कात्री किण्वापाशी नाही. साखळी होते, बांधणी अपुरी राहते.

मग उद्याची डाळ कारखान्याच्या टाकीतून यावी काय? हिशेब तसे सांगत नाही. किण्वात तयार केलेली कावीळ-बची लस १९८६ साली अमेरिकेत मान्य झाली. तिच्या एका मात्रेस प्रथिन लागते ते सामान्यतः फार तर वीस मायक्रोग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला मात्र दररोज सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिन हवे, म्हणजे त्याच्या पंचवीस लाख पट! शिवाय किण्वालाही साखर लागते, आणि साखर शेतातूनच येते. तूर पेरणाऱ्याने चिंता करण्याचे कारण नाही.

किण्वाचे खरे मोल आहे ते एकच प्रथिन निर्भेळ मिळण्यात. त्यातील एखादे अमिनो आम्ल बदलून पाहावे, घडी मोडते की टिकते ते तपासावे, आणि मगच पिकाला हात लावावा. सोयाबीनमधील मेथिओनिनची उणीव भरून काढण्यासाठी त्यात ब्राझील नटचे एक प्रथिन घातले गेले होते. त्या फळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना हेच प्रथिन बाधते, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले, आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. असे प्रथिन आधी किण्वात करून घेतले, तर रुग्णांच्या रक्तद्रवाशी त्याची पडताळणी पेरणीपूर्वीच होऊ शकते.